नाव घातलेला फोन

आमचं हुबळीतलं घर दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही, आणि मधे लाकडी जिना. त्याची चौथी पायरी कुणीही पाय ठेवला की कुरकुरायची. सकाळी दहाच्या सुमारास खालून टर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा. तो नाव घालायच्या मशीनचा. कुणी लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेलं असायचं, कुणी वास्तुशांतीला वाटायला दोन डझन वाट्या घ्यायचं, आणि माझा भाऊ, अण्णा, मान खाली घालून एकेका भांड्यावर नाव कोरत बसायचा. गिऱ्हाईक मराठी असलं तर मराठीत, कन्नड असलं तर कन्नडात. वहीत त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण स्टीलवर मोती. "बिननावाचं भांडं दुकानाबाहेर गेलं की ते हरवलंच समजायचं," असं अप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे. घरातही त्यांनी हा नियम इतका कडक पाळला होता की आमच्या सांडशीवरसुद्धा त्यांचं नाव होतं. आईच्या माहेरून आलेल्या तांब्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं, त्याखाली अप्पांनी आपलं घातलं. आई तो तांब्या कधी पाहुण्यांपुढं ठेवत नसे.

अप्पा गेले तेव्हा मी सातवीत होते. धारवाडला एका गिऱ्हाइकाकडं जाऊन येतो म्हणून स्कूटरवरून निघाले आणि रस्त्यातच गेले. त्या दिवसाचं मला आठवतं ते सगळं स्वयंपाकघरातलं आहे. परातीत मळून ठेवलेली कणीक, तिच्यावर आलेला कोरडा पापुद्रा, आणि ती झाकायला हवी हे कळत असूनही कुणी झाकत नव्हतं ते. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचा. महिन्याभरात तो अप्पांच्या जागी बसला, मशीन हातात घेतलं, आणि बघता बघता माझा भाऊ माझा बाप होऊन बसला. बापाचं काम त्यानं मनापासून केलं, हे आधीच लिहून ठेवते. पुढं तो वाईट दिसेल, आणि तो वाईट नव्हता.

मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा त्यानं मला फोन आणला. बोटानं चालणारा, आमच्या घरातला दुसरा, पहिला त्याचा. खोक्यातून काढून त्यानंच तो चालू केला, तासभर त्यात काय काय भरलं, आणि "हं, घे" म्हणून माझ्या हातात दिला. चारच दिवसांनी खंडेनवमी होती. आमची मंडळी मूळची मिरजेकडची, त्यामुळं नवरात्रात देवीवर कडाकण्या टांगायची रीत हुबळीत येऊनही सुटली नव्हती. त्या गोड, कडक पुऱ्यांच्या माळेखाली घरातलं आणि दुकानातलं सगळं हत्यार मांडलं जायचं: नाव घालायचं मशीन, तराजू, विळी, कात्री, आणि त्या वर्षी माझा नवा फोन. पूजेत अण्णा हात आखडता घेत नसे. फोनवर पाणी शिंपडायला निघाला होता, ते आईनं अडवलं. पण हळदकुंकू आणि अक्षता भरपूर झाल्या. वर कुठलं, खाली कुठलं हे त्या वस्तूचं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही टोकांना बोट ओढलं. त्यानंतर फोनला चार्जर नीट बसेना. आम्ही चार्जरला नावं ठेवली, आणि मी तो तूरडाळीच्या डब्याला टेकवून तिरपा लावायला शिकले.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. आईनं गिरमिट केलं होतं, चुरमुऱ्यांत कांदा आणि चिंचेचं पाणी कालवून. वर तळलेली मिरची. अण्णा दुकानातून वर आला, बशी घेतली आणि दोन घास खाऊन म्हणाला, "काय गं पुट्टी, देशपांडे नगरात काय काम काढलं होतंस आज?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. सुम्मनं विचारलो."

पुट्टी म्हणजे छोटी, आणि सुम्मनं म्हणजे उगीच. हुबळीत ज्या प्रश्नामागं सुम्मनं येतं तो प्रश्न कधीही उगीच नसतो. मैत्रिणीला पुस्तक द्यायला गेले होते, असं मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि मिरची खाल्ली. मला घाम फुटला होता, तो मिरचीचा नव्हता.

देशपांडे नगरात एका कंपनीचं ऑफिस होतं. कारखाना हुबळीबाहेर तारिहाळला, तिथं साचे बनायचे. वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार घेणार होते, आणि काम जमलं तर पुढं कायम. आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं होतं. अण्णाला मी आधी एकदा चाचपून पाहिलं होतं. "तारिहाळला? बायपासवरून? रोज?" असे तीन प्रश्न त्यानं विचारले आणि एकाचंही उत्तर न ऐकता तो खाली गेला. त्याचा बेत ठरलेला होता. डिप्लोमा झाला की मी दुकानात बसायचं आणि चांगलं स्थळ आलं की उठायचं. म्हणून मी घरात न सांगता अर्ज देऊन आले होते. हे कुणालाच, अगदी माझ्या मैत्रिणीला, सुजातालाही, माहीत नव्हतं. आणि अण्णाला मी तिथं गेल्याचं माहीत होतं.

तिथून पुढचे पंधरा दिवस मी ज्या भीतीत काढले तशी भीती नंतर बाळंतपणातही वाटली नाही. "कॉलेज दोनला सुटलं ना? तीनपर्यंत तिथंच होतीस," असं तो भाकरी मोडता मोडता म्हणायचा. "लॅमिंग्टन रोडला बराच वेळ गेला आज," असं पेपरातून डोकं न काढता म्हणायचा. आवाजात राग नसायचा, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटायची. मी माणसं मोजायला लागले. कोपऱ्यावरचा फुलवाला सांगत असेल का? रिक्षावाले? बसचा कंडक्टर? एकदा मी मुद्दाम दोन स्टॉप आधी उतरून आडबाजूच्या गल्लीतून चालत आले, तर संध्याकाळी त्यानं विचारलं, "त्या गल्लीत कोण राहतं?" त्या गल्लीत मला कुत्रंसुद्धा दिसलं नव्हतं. मला झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी संशय घ्यायला एकच माणूस उरलं, ते म्हणजे सुजाता, माझी एकुलती एक मैत्रीण. आणि मी तिच्यावरही घेतला.

सुजाता बेळगावच्या बौद्ध घरातली. तिचे वडील रेल्वेत होते, बदली होऊन हुबळीला आले होते, आणि माझ्या वर्गात ती एकटीच मुलगी अशी होती की जिला मशीन उघडून बघायची खाज माझ्यापेक्षा जास्त होती. कँटीनच्या मागं गाठून मी तिला विचारलं, तू माझ्या भावाला काय काय सांगतेस? मग मी रडायला लागले आणि सगळं बोलून गेले, तारिहाळसकट. तिनं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला. "फोन दे बघू."

दोन मिनिटांत तिनं स्क्रीन माझ्यापुढं धरली. "माणसं न्हवं गं, ह्योच सांगालाय. बघ."

फोन ज्या खात्यावर चालत होता त्या खात्याला नाव होतं, आणि ते अण्णाचं होतं. पूर्ण, अप्पांच्या नावासकट. ज्याचं खातं त्याला हा फोन या घटकेला कुठं आहे ते नकाशावर दिसतं, असं सुजातानं सांगितलं. तो दुकानात गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला ताटल्या दाखवता दाखवतासुद्धा बघू शकतो. मला डोळ्यांपुढं अण्णाची खाली घातलेली मान दिसली. त्याच्या हातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तो नाव घालायचा, तसंच त्यानं इथंही घातलं होतं. पण उलगडा झाला म्हणून भीती गेली नाही, उलट वाढली. फुलवाल्याला चुकवून दुसऱ्या गल्लीनं जाता येतं. खिशातल्या वस्तूला कसं चुकवायचं?

"मग हे खातं काढून टाक," मी म्हणाले.

"काढशील, आणि आत आणखी काय काय बसवलंय कुणाला ठावं? पुसायचं तर मुळापासनं पुसायला पायजे." मग तिनं मला फोनात घालता येणाऱ्या एका दुसऱ्याच प्रणालीबद्दल सांगितलं. माझी आणि त्या प्रणालीची ओळख झाली ती अशी, कँटीनच्या मागं, डोळे पुसता पुसता. सुजाता म्हणाली, फोन हे नुसतं भांडं. आत शिजतं ती सिस्टीम. तुझ्या फोनातली पण मुळात उघड्या कृतीचीच, पण कंपनीनं तिच्यात आपलं कायकाय कालवून वर झाकण लावलंय. आत काय घातलंय ते खाणाऱ्याला कळत नाही. आणि ही दुसरी आहे ती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, सगळी कृती उघडी. कुणीही वाचावी, चूक दिसली तर सांगावी, स्वतः दुरुस्त करावी, आपल्या फोनात घालावी.

"पण मालक कोण?"

"मालक न्हाई."

मी बिननावाच्या भांड्याला हरवलेलं समजणाऱ्या घरात वाढलेली. मला ते पटेना. "म्हणजे कुणाचंच नाव नाही त्याच्यावर?"

"नावं हायत की. ज्यांनी ज्यांनी लिवलं त्या सगळ्यांची हायत. तुझ्या फोनावर हक्क सांगायला न्हवं, एवढंच." मग तिनं धोकाही सांगितला. जुनी सिस्टीम पुसून नवी आत जाईपर्यंत वायर हलता कामा नये. "मधेच तुटलं तर फोन दगड होतोय कधीकधी." हे ऐकून मी फोन परत पर्समध्ये घातला आणि नको म्हणाले.

पण त्याच आठवड्यात तारिहाळहून फोन आला. सोमवारी सकाळी नऊला कारखान्यात चाचणी. वेळ बदलली तर याच नंबरावर कळवू. फोन घरी ठेवून जावं तर अण्णा विचारणार. बंद करून जावं तर अर्ध्या तासात तो कॉलेजच्या दारात. तसा एकदा येऊन उभा राहिला होता. सुजाताजवळ ठेवावा तर तो दिवसातून चारदा फोन करायचा. आणि बरोबर न्यावा तर बायपासवर माझा ठिपका सरकताना त्याला दिसणार. एकच वाट उरली, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त भीती होती. शनिवारी दुपारी मी सुजाताच्या क्वार्टरवर गेले.

दोन खोल्या. खिडकीबाहेर रेल्वेचे डबे मागंपुढं ढकलायचं काम चाललेलं, धाडधाड आवाज. भिंतीशी फळीवर छोटी बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी सुजाताच्या भावाचा जुना लॅपटॉप. मी फोनातले सगळे नंबर वहीत उतरवून घेतले, त्यात पहिला अण्णाचा. सुजातानं फोनचं आतलं कुलूप काढलं, तशी स्क्रीनवर इशारा आला की आता यातलं सगळं जाईल. मी तो इशारा पुन्हा एकदा वाचला. "घाबरालीस कशाला? दाब की," ती म्हणाली. मी दाबलं. जुनं पुसलं गेलं. नवं जायला लागलं. लॅपटॉपवर एक रेघ सरकत होती आणि मी श्वास धरून तिच्याकडं बघत होते, आणि ती अर्ध्यावर आली आणि थांबली. फोन सापडत नाही, असं लॅपटॉप म्हणाला. फोनची स्क्रीन काळी. सुजातानं वायर काढून घातली. काळी. बटणं दाबली. काळीच.

तीन वाजले होते. मला पाचला घरी पोचायचं होतं. त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता. मला वाटलं, संपलं. सोमवार गेला, तारिहाळ गेलं, आणि आता मला हा दगड घेऊन जिना चढायचा आहे. सुजाताची आई चहा घेऊन आली, आमच्याकडं बघितलं, आणि काय झालं ते विचारलं. वायर धरत नाही म्हणून सुजातानं सांगितलं. "भोक बुजलं असंल," त्या अगदी सहज म्हणाल्या. "स्टोव्ह पेटंना की मी पयल्यांदा पिन मारते."

सुजातानं फोन उजेडात धरला आणि दातकोरणीनं त्या भोकात हळूच कोरलं. लाल भुकटी पडली. आणखी कोरलं, तशी कुंकवाची दाबून बसलेली वडी निघाली, आणि तिच्यामागून हळद लागलेला, अख्खा, तांदळाचा एक दाणा. खंडेनवमीपासून तो तिथं होता, आणि मी चार्जर डब्याला टेकवत होते. सुजाताची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला मात्र हसू येत नव्हतं, मी हात जोडून उभी होते, कुणापुढं ते मलाही माहीत नाही. सुजातानं ब्रशनं भोक झाडलं, वायर घातली, दोन बटणं एकदम धरली. लॅपटॉपला फोन सापडला. रेघ पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागली, आणि या वेळी शेवटपर्यंत गेली.

फोन उघडला तेव्हा त्यानं मला भाषा विचारली, वेळ विचारली. खातं विचारलं, पण नको म्हणायची सोय खालीच होती. मी नको म्हणाले, आणि तो चालू झाला. आत काही नव्हतं. पांढऱ्या भिंतींची, नुकतीच चुना लावलेली खोली असावी तसा तो होता. पुढं मी याच प्रणालीतले बरेच शब्द मराठीत आणायला बसले, आजही रविवारी बसते. पण त्या दिवशी ते रिकामेपण बघून मला आनंद झाला नाही. मला फक्त अण्णा दिसत होता, आपल्या फोनात माझा ठिपका शोधणारा.

मी गल्लीत शिरले तेव्हा मशीनचा आवाज येत नव्हता. शनिवारी संध्याकाळी, लग्नसराईच्या तोंडावर, मशीन बंद. अण्णा दुकानात नव्हता. मी जिना चढायला लागले, चौथी पायरी कुरकुरली, आणि वरून तो ओरडला, "एल्लिद्दी?" कुठं होतीस? तो घाबरला की कन्नडात ओरडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"तीन तास," तो म्हणाला. त्याच्या हातात त्याचा फोन होता. "तीन तास तुझा फोन लागत नव्हता. दिसत नव्हता. रेल्वेच्या रुळाजवळ शेवटचा दिसला." मग त्याला कळलं, आपण काय बोलून गेलो ते. पण तो थांबला नाही. "तुला माहीत नाही पुट्टी. तू लहान होतीस. अप्पा सकाळी गेले ते सात तास कुठं होते आम्हाला माहीत नव्हतं. मी पाच दवाखाने फिरलो. पाचव्यात सापडले. खिशात काही नव्हतं. तिथल्या वहीत नाव काय लिहिलं होतं माहीत आहे? काही नाही. अनोळखी पुरुष. बिननावाचे पडले होते गं आपले अप्पा."

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रडले, तोही रडला. पण रडून झाल्यावर सोमवार तिथंच होता. मी म्हणाले, "अण्णा, मी तारिहाळला अर्ज दिलाय. परवा नऊला चाचणी आहे. मी जाणार आहे." मी फोन त्याच्यापुढं धरला. "यातलं सगळं पुसलंय. आता यात तुझं नाव नाही."

त्यानं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "विचारली असतीस तर..."

"नाही म्हणाला असतास."

ते खरं होतं. आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिचा माहेरचा तांब्या भरून घेऊन आली, अण्णाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "ह्याच्यावर नाव घालताना तुझ्या अप्पांनी मला विचारलं नव्हतं." एवढं बोलून ती भाकरी थापायला आत गेली. अण्णा तांब्या उचलून पाणी प्यायला.

रविवारभर तो माझ्याशी बोलला नाही. सोमवारी मी निघाले तेव्हा खाली मशीन सुरू होतं, आणि त्यानं मान वर न करता "पोचलीस की फोन कर" म्हटलं. मी केला. चाचणीच्या आधी एक, नंतर एक. पुढं वर्षभर रोज त्याचा फोन यायचा, "एल्लिद्दी?" आणि मी सांगेन ते त्याला खरं मानावं लागायचं. त्याला ते किती जड जात असेल हे मला आता कळतं. परवा माझी लेक शाळेतून अर्धा तास उशिरा आली. तेवढ्या वेळात मी तिच्यासाठी ती कुठं आहे ते नकाशावर दाखवणारं घड्याळ शोधून ठेवलं होतं, आणि ते घ्यायला बोट टेकवणार एवढ्यात चपलांचा आवाज आला. बोट मी मागं घेतलं खरं, पण ते तिथपर्यंत गेलं होतं.

त्या चाचणीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला कडाकण्यांखाली नेहमीचं सगळं मांडलं होतं, आणि कारखान्यातून मिळालेलं माझं मापाचं कॅलिपर, आणि फोन. अण्णा मशीनला, तराजूला, विळीला कुंकू लावत लावत आला आणि फोनपाशी थांबला. बोट कुंकवात बुडवलेलं, हात अधांतरी. एवढ्या वर्षांत कशावरही काही घालण्याआधी त्यानं कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"लावू?" त्यानं विचारलं.

"लाव. पण वरच्या बाजूला."

त्यानं दुसऱ्या हातानं फोन उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि माझ्यापुढं धरला. "वर कुठलं, दाखव."